वाट्याच्या नऊ कोंबड्या

दिनांक १५ नोव्हेंबर १९५९, रविवार. रक्कम रुपये चव्वेचाळीस. हजर: मी, माझी थोरली बहीण, तिची मुलगी आणि विकणाऱ्या बाई. माल: लेगहॉर्न जातीच्या पांढऱ्या तलंगा, नग आठ, दर साडेपाच रुपये.

त्या दिवशी वहीत मी एवढेच लिहिले. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. विकणाऱ्या बाई कँटोन्मेंटच्या बाजूला राहणाऱ्या एका निवृत्त रेल्वे गार्डाच्या पत्नी होत्या. मुलाकडे परदेशी जायचे म्हणून त्या घरातल्या खुर्च्यांपासून कोंबड्यांपर्यंत सगळे विकत होत्या. पैसे माझ्या बहिणीचे होते. तिने ते रुमालातून काढून टेबलावर मांडले, तेव्हा त्यात एक-एक रुपयाच्या नोटा होत्या, जुने चार आणे, आठ आणे होते आणि नव्या पैशांची तांब्याची नाणीही होती. बाईंनी दोनदा मोजले. माझी भाची लाजली. बहीण लाजली नाही. "मोजू दे त्यांना," ती मराठीत म्हणाली, "अंड्यांचेच आहेत, चोरीचे नाहीत."

आमचे घराणे बंगळूरचेच. किती पिढ्या झाल्या हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, अशी वाटणी आजोबांच्याही आधीपासून आहे, आणि उंबऱ्याच्या आतही कन्नड पुष्कळ शिरलेले आहे. बहिणीला मी अक्का म्हणतो, ती मला तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. अक्काचे यजमान दावणगेरेला कापडगिरणीत होते. १९५४ साली ते वारले. अक्का तेव्हा सदतीस वर्षांची होती आणि मुलगी दहा. ती राजाजीनगरला आमच्याकडे राहायला आली, ती एक पत्र्याची पेटी, मुलगी आणि पाटीत बांधलेल्या तीन कोंबड्या घेऊन. गाडीत तपासनिसाने कोंबड्यांचे भाडे मागितले होते. ते तिने दिले आणि पावती आणून मला दाखवली.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मला एक गोष्ट सांगितली. "जेवण तुझं, तम्मा. पोरीचं शिक्षण माझं. त्यात तू हात घालायचा नाहीस." मी बरे म्हटले. मला त्या वेळी महिना एकशे अठ्ठेचाळीस रुपये मिळत, घरात तीन मुले होती, आणि तिने स्वतःहून असे म्हटल्याचे मला बरे वाटले. हे आता लिहायला हरकत नाही.

घराची जागा साठ बाय चाळीस. पुढे दोन खोल्या, वर पत्रे, मागे परसू. त्या परसात पाच वर्षांत तीनच्या तेवीस कोंबड्या आणि एक कोंबडा झाला. रोज सरासरी दहा अंडी मिळत. अंडे बारा नव्या पैशांना जाई. महिन्याला छत्तीस रुपये, त्यातून नाचणी, कोंडा आणि तांदळाची कणी यांचे चौदा वजा जाता बावीस. भाची १९६० च्या उन्हाळ्यात एस.एस.एल.सी., म्हणजे मॅट्रिक, होणार होती. तिला शिक्षिका व्हायचे होते. म्हैसूरला बायकांसाठी शिक्षिकांचे प्रशिक्षण विद्यालय होते, दोन वर्षांचे, आणि वसतिगृहाचा खर्च महिना बत्तीस. बावीस आणि बत्तीस यांच्यात दहाचा फरक होता. त्या दहा रुपयांसाठी आठ लेगहॉर्न घेतल्या. जानेवारीपासून त्या रोज पाच अंडी देतील असे मी धरले होते. खाद्य वजा जाता बारा रुपये उरणार होते. बावीस आणि बारा चौतीस. हा हिशेब मी केला होता आणि तो बरोबर होता. आजही तो तपासला तर त्यात चूक सापडणार नाही.

नव्या कोंबड्या जुन्यांत लगेच सोडायच्या नाहीत, हे मला जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले होते. कोंबड्याचा पाय दाखवायला गेलो असताना मी सहज विचारले होते. ते म्हणाले, "बाहेरून काही आलं की एकवीस दिवस लांब ठेवा. रोग आत असला तर तेवढ्या दिवसांत वर येतो." मानमोडीवर, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगावर, लसही होती, पण कुपी शंभर कोंबड्यांची असे, आणि फोडली की त्याच दिवशी संपवावी लागे. वस्तीतल्या लोकांची नावे घेऊन शंभर भरले की ते आम्हाला बोलावणार होते. आमच्या बत्तीस धरून यादी एकाहत्तरवर अडली होती.

तेव्हा एकवीस दिवस. मी एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. नवा माल तपासणी झाल्याशिवाय रॅकवर चढवायचा नाही, हे माझे रोजचे काम होते, त्यामुळे मला ते जड गेले नाही. न्हाणीघराच्या मागे खोक्यांच्या फळ्यांचे वेगळे खुराडे केले. जुन्या खुराड्यापासून ते एकतीस फूट होते, टेपने मोजून. पाण्याचे भांडे वेगळे, खाद्याचा डबा वेगळा, झाडू वेगळा. आधी जुन्यांना घालायचे, मग नव्यांना, उलटे कधीही नाही. नव्यांकडे जाताना घालायच्या चपला न्हाणीघराच्या दगडाजवळ ठेवलेल्या असत. भाचीने त्या चपलांवरून माझी बरीच चेष्टा केली. शेजारचे गृहस्थ भिंतीवरून पाहत आणि विचारत, "काय अण्णा, तुमच्या कोंबड्या मडी पाळतात का?" मडी म्हणजे सोवळे. अक्का त्यांना म्हणे, "पाळतात. तुम्ही लांबून बोला."

आल्याचा दिवस धरायचा नाही असे मी ठरवले होते. म्हणजे ६ डिसेंबरला एकवीस दिवस पुरे झाले, आणि तोही रविवार होता. आठही तलंगा ठणठणीत होत्या. रोज सकाळी मी प्रत्येकीची विष्ठा, डोळे आणि तुरा पाहून वहीत टिंब करत असे. एकशे अडुसष्ट टिंबे, एकही फुली नाही. त्या दिवशी त्यांना जुन्यांत सोडले. पहिले दोन दिवस टोचाटोची झाली, मग त्या मिसळल्या. अक्काने त्या रात्री गोड काहीतरी केले होते.

पुढच्याच रविवारी, १३ डिसेंबरला, सकाळी आमची भाजीवाली आली. ही बाई पीण्या भागातल्या एका खेड्यातून डोक्यावर पालेभाजीची पाटी घेऊन चालत येई. त्या दिवशी भाजीऐवजी पाटीवर जाळे बांधलेले होते आणि आत कोंबड्या होत्या.

त्या आमच्याच कोंबड्या होत्या. आमच्याकडे वाट्याने कोंबडी देण्याची रीत आहे. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, आणि घरी जागा किंवा वेळ नसला, की ती अंड्यांसकट दुसऱ्या बाईला द्यायची. ती तिला बसवते, पिल्ले वाढवते, दाणापाणी तिचे. पिल्ले मोठी झाली की निम्मी तिची, निम्मी आपली, आणि आई परत. लिहून काही नसते. आधीच्या मे महिन्यात अक्काने भाजीवालीला दोन खुडूक कोंबड्या आणि बावीस अंडी दिली होती. चौदा पिल्ले जगली. आमची सात, आणि दोन आया, मिळून नऊ.

"अक्का, घ्या तुमचा वाटा," भाजीवाली म्हणाली. आमचे बोलणे तिच्याशी कन्नडमध्ये होई.

"अगं, संक्रांतीला आणणार होतीस ना?"

"आणल्या आत्ताच. मोठ्या झाल्या, दाणा फार खातात."

"अगदी स्वल्पसुद्धा धीर नाही तुला," अक्का हसून म्हणाली. भाजीवाली हसली नाही. ते मला आठवते, पण त्या वेळी त्यात काही विशेष वाटले नाही. तिने पाणीही घेतले नाही. उन्हाच्या आत परत पोचायचे आहे म्हणाली.

अक्काने जाळे सोडले. दोन आयांतली एक करडी होती, तिच्या डाव्या पायाचे बोट तुटलेले होते. अक्काने तिला उचलून छातीशी धरले. ही दावणगेरेहून आणलेल्या तिघींपैकी एकीची लेक. माझी बायको ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून विचारले, "ह्यांना नाही का वेगळं ठेवायचं?"

ती बेळगावकडची. ती फार बोलत नाही, आणि विचारते तेव्हा खरोखरच माहीत नसते म्हणून विचारते.

अक्का म्हणाली, "घरी परत आलेल्या लेकीला तू एकवीस दिवस न्हाणीघरामागं बसवशील का?"

बायकोने माझ्याकडे पाहिले. मी वही उघडून बसलो होतो. मी म्हणालो, "ह्या विकत आणलेल्या नाहीत. आपल्याच आहेत."

हे वाक्य माझे आहे. अक्का थट्टेत बोलली, मी विचार करून बोललो. कारखान्यात खात्याला दिलेला माल न वापरता परत आला की त्याला तपासणी लागत नसे. तो आधी एकदा आपल्या रॅकवरून गेलेला असे, म्हणून परत आल्यावर थेट रॅकवर जाई. मी वहीत खरेदीच्या पानावर नोंद केलीच नाही. 'वाट्याने येणे' या पानावर नऊचा आकडा लिहिला आणि 'जमा' अशी खूण केली. आणि अक्काने पाटी खुराड्याच्या दारात नेऊन आडवी केली.

गुरुवारी सकाळी ती करडी कोंबडी कोपऱ्यात पिसे फुगवून बसली होती. विष्ठा हिरवी होती. संध्याकाळी ती तोंड उघडून श्वास घेऊ लागली. शुक्रवारी ती आणि दोन वाट्याच्या तलंगा मेल्या. शनिवारी लेगहॉर्नपैकी एकीची मान मागे वळली. ती सरळ चालू पाहत होती आणि गोल फिरत होती, एकाच जागी. भाची तिला पाहून घरात गेली.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मेलेली एक कोंबडी पिशवीत घालून भाचीला बरोबर घेतले आणि दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कोंबडी चिरून पाहिली आणि हात धुतले. मानमोडी, ते म्हणाले. मग विचारले, "नव्या कोंबड्या लांब ठेवल्या होत्या ना तुम्ही?"

"एकवीस दिवस. आल्याचा दिवस सोडून."

"भांडी?"

"वेगळी. चपलासुद्धा वेगळ्या."

"त्यानंतर नवीन काही आलं?"

"नवीन काही नाही," मी म्हणालो.

मी खोटे बोलत नव्हतो. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहू लागले. भाची माझ्या शेजारी रिकामी पिशवी धरून उभी होती. ती हळू म्हणाली, "मामा, त्या नऊ?"

डॉक्टरांनी लिहिणे थांबवले. कुठल्या नऊ, असे त्यांनी विचारले. मी त्यांना वाट्याची रीत समजावून सांगू लागलो. ती त्यांना माहीत होती, ते इथलेच होते. मी तरी सांगत राहिलो, कोंबडी आपली, अंडी आपली, फक्त दाणापाणी तिचे. बोलता बोलता सात महिने, दुसरे गाव, दुसरे खुराडे, असे माझ्याच तोंडून बाहेर पडू लागले आणि मी थांबलो. डॉक्टर म्हणाले, "सरी," म्हणजे बरं, "आता बोलून उपयोग नाही. औषध नाही ह्याच्यावर. मेलेल्या चुना घालून खोल पुरा. उरतील त्या कुणाला देऊ नका, विकू नका. सहा महिने त्या जागेत नवं काही आणू नका."

परतताना भाची माझ्याशी बोलत होती, पण कोंबड्यांबद्दल नाही. वाटेतल्या एका शाळेची नवी इमारत किती मोठी झाली, असे काहीतरी.

मंगळवार उजाडेपर्यंत तीस मेल्या होत्या, आणि त्या सकाळी सायकलवाला आला. हा हॉटेलांना कोंबड्या पुरवत असे. हँडलला दोन्ही बाजूंना कोंबड्या उलट्या टांगून तो वस्तीत फिरे. कुणाच्या परसात मर लागली की त्याला कसे कळे देव जाणे. भिंतीपाशी सायकल लावून तो म्हणाला, "अजून उभ्या किती आहेत?"

मी म्हणालो, "अकरा."

"दीड रुपया एकीला. आत्ताच्या आत्ता. संध्याकाळी आलो तर एक रुपया, उद्या आलो तर मला नमस्कार करून पाठवाल."

साडेसोळा रुपये. हे मी मनात केले, तोंडाने बोललो नाही. अक्का मागे उभी होती. ती म्हणाली, "कुठल्या हॉटेलात देणार?"

"तुम्ही कशाला विचारता, अक्का? तुम्ही तिथं जेवायला जाणार आहात का?"

"मी नाही. दुसरं कुणीतरी जाईल ना? आणि तू वाटेत आणखी चार परसांत जाशील. जा बाबा."

"तुमचं नुकसान," तो म्हणाला.

"झालंच आहे," अक्का म्हणाली.

तो गेल्यावर तिने माझ्याकडे पाहिले नाही. मला वाटते, मी मनात केलेला गुणाकार तिला ऐकू आला होता. त्या अकरांपैकी सात नाताळाच्या आत मेल्या. एकूण एक्केचाळीस. मेल्या सदतीस. उरल्या चार, त्यातल्या दोघींच्या माना कायमच्या वाकड्या राहिल्या. आठही लेगहॉर्न गेल्या, एकीनेही अंडे दिले नाही. खड्डे मी खणले, न्हाणीघरामागे, जिथे ते वेगळे खुराडे होते तिथेच, कारण परसात तेवढीच मऊ जमीन होती. चुना भाची घालत होती. माझा मोठा मुलगा मदतीला येऊ का म्हणाला तेव्हा तिने त्याला अभ्यासाला बस म्हणून घरात पाठवले.

भाजीवाली त्या महिन्यात परत आली नाही. मला तिचा राग आला होता. संक्रांतीनंतरच्या रविवारी मी सायकलीवरून तिच्या खेड्यात गेलो. काय बोलायचे ते मी वाटेत तीनदा जुळवले होते. तिचे घर सापडले. अंगणात कोंबडी दिसत नव्हती. ती दारात बसून काहीतरी निवडत होती. मला पाहून उठली आणि पदर सावरून म्हणाली, "तुमच्याकडेही गेल्या ना, अण्णा?"

मी विचारले, "तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, वरच्या आळीत चार घरांच्या कोंबड्या पडल्या होत्या. तिच्याकडे अजून काही नव्हते, सगळ्या चांगल्या खात होत्या. तिला वाटले, उद्या इथे आले तर सगळ्याच जातील, माझ्याही आणि तुमच्याही. माझ्या जातील तर जातील, पण दुसऱ्याचा वाटा माझ्या हातात बुडायला नको. म्हणून संक्रांतीची वाट न पाहता आणून दिल्या.

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या दारात उभं राहून त्या आजाराचं नाव कसं घेऊ?" ती म्हणाली. "भरलेल्या घराच्या दारात ते नाव घेत नाहीत. घेतलं की ते आत येतं."

मी जे जुळवून आणले होते त्यातले एकही वाक्य तिथे लागू पडत नव्हते. तिच्याकडच्याही सगळ्या गेल्या होत्या, दोन सोडून. ती आत गेली आणि त्या दोन टोपलीखालून काढून घेऊन आली. त्यातली एक तिने माझ्यापुढे धरली. "दोन राहिल्या. एक तुमची."

"नको," मी म्हणालो.

"वाटा आहे, अण्णा."

"आमच्याकडं जागा नाही आता." डॉक्टरांनी सहा महिने काही आणू नका म्हणून सांगितले आहे, हे मी तिला सांगितले नाही. ती कोंबडी धरून बराच वेळ उभी राहिली. मी सायकलीला पाय लावला तरी ती तशीच होती. येताना राग कुणावर धरायचा हे मला ठरवता येईना. तिने वेळेआधी देणे फेडले होते. अक्काने आपले माणूस ओळखून घरात घेतले होते. दोघींनी योग्य तेच केले होते. चुकलेला मी होतो, आणि नियम माहीत असलेला घरात मी एकटाच होतो.

भाचीच्या परीक्षा झाल्या. निकाल चांगला लागला, वर्गात ती तिसरी आली. जूनच्या पहिल्या आठवड्यात म्हैसूरहून पत्र आले. जागा राखून ठेवली आहे, वसतिगृहाची अनामत आणि पहिल्या सत्राचे मिळून दीडशे रुपये १५ जूनच्या आत भरावेत. अक्काच्या पेटीत एकसष्ट रुपये होते. हे मला माहीत होते, कारण हिशेब मीच ठेवत होतो.

पोस्टात माझ्या नावावर चारशे बारा रुपये होते. पत्रे काढून घरावर स्लॅब घालायची होती, त्यासाठी चार वर्षे जमवलेले. पत्र आल्यापासून रोज कारखान्यात जाता येता माझ्या डोक्यात तेच दोन आकडे होते. पण अक्काने आल्याच्या दुसऱ्या दिवशी मला बजावले होते, पोरीच्या शिक्षणात हात घालायचा नाही. ते बजावणे मी फार काटेकोरपणे पाळत होतो.

एके दिवशी बायको म्हणाली, "वन्सं विचारणार नाहीत. तुम्हीच बोला."

मी म्हणालो, "तिनं विचारलं तर मी नाही म्हणणार नाही."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि आत गेली.

चौदा तारखेला संध्याकाळी मी परसात गेलो. अक्का रिकाम्या खुराड्याची जाळी काढून गुंडाळत होती. एका जुन्या बाजारवाल्याने तिला जाळीचे सहा रुपये देऊ केले होते. मी खाली बसलो आणि जाळीचे दुसरे टोक धरले. मी म्हणालो, "अक्का, दीडशे मी देतो. उसने म्हणून. वहीत लिहू, तुला वाटेल तेव्हा फेड."

ती फुकट घेणार नाही हे मला ठाऊक होते, म्हणून मी तसे म्हटले. निदान त्या वेळी मी स्वतःला तसे सांगितले.

तिने जाळी गुंडाळणे थांबवले नाही. म्हणाली, "बरं. फेडू कशातून?"

पहिले दीडशे, मग महिना बत्तीस, दोन वर्षे. तिच्याकडे चार कोंबड्या होत्या, त्यांतल्या दोन वाकड्या मानेच्या. तिने मला खरोखरच विचारले होते, टोमणा नव्हता. ती उत्तराची वाट पाहत होती. फेडू नकोस, एवढेच म्हणायचे होते. ते मला त्या वेळी सुचले नाही, आणि सुचले असते तरी माझ्या तोंडून निघाले असते की नाही याची खात्री मी आज देऊ शकत नाही. आम्ही दोघांनी मिळून जाळी बांधली. मग ती म्हणाली, "तू थकून आलास. हात-पाय धू."

पंधरा तारीख बुधवारी होती. पैसे न भरताच ती उलटून गेली. भाचीने त्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून पाणी भरले आणि माझा डबा तिनेच केला. पत्राचे तिने काय केले ते मी पाहिले नाही.

आमच्या मागच्या गल्लीत बऱ्याच घरांतून बायका-मुली उदबत्त्या वळत. ठेकेदाराचा माणूस काड्या आणि काळा मसाला घरी आणून देई आणि वळलेल्या उदबत्त्या मोजून घेऊन जाई. हजार काड्यांना बासष्ट पैसे. सवय झाली की दिवसाला दोन हजार होतात, सुरुवातीला बाराशे. हे मला भाचीने सांगितले. तिने चौकशी करून ठेवली होती. हात काळे होतात, पण चिंच लावली की निघतात, असेही ती म्हणाली.

२० जूनला, सोमवारी सकाळी, मी कारखान्याला निघायच्या वेळी तो माणूस आला. वळायची फळी, काड्यांचा गठ्ठा आणि मसाल्याचे पोते त्याने ओट्यावर भाचीपुढे ठेवले. नवीन घराकडून तो फळीची आणि मालाची अनामत घेत असे. काम सोडले की परत मिळणार होती. पावती देण्याची पद्धत नव्हती. अक्काने पेटी उघडून पाच रुपये काढले आणि माझ्यासमोर त्याच्या हातावर ठेवले.